सपाट पृथ्वीवाले, त्यांची भांडणं आणि त्यांचा गोतावळा

निनाद८२ (धागाकर्ता)

मंडळी, सपाट पृथ्वी मानणाऱ्यांवर हसू येतंच, मलाही येतं. पण गेली काही वर्षं मी ह्या लोकांचं मिळेल ते वाचतोय, त्यांचे व्हिडिओ बघतोय, आणि आता माझं ठाम मत झालंय की पृथ्वीचा आकार हा ह्यातला सगळ्यात कमी इंटरेस्टिंग भाग आहे. बघण्यासारखं आहे ते त्यांचं आपापसातलं. कोण कोणाला मानतो, कोण कोणाला फितूर म्हणतो, कोणाला ग्रुपातून हाकललं आणि का. माणूस पुराव्यामुळे असल्या ग्रुपात येत नाही आणि पुराव्यामुळे बाहेरही पडत नाही, तो तिथल्या माणसांमुळे राहतो. हे मला जाम महत्त्वाचं वाटतं म्हणून हा धागा.

जुन्या काळापासून सुरू करतो, कारण आज जे चाललंय ते सगळं तेव्हाच होऊन गेलंय.

इंग्लंडमधे ओल्ड बेडफर्ड नदीचा एक कालवा आहे, जवळजवळ दहा किलोमीटर अगदी सरळसोट. १८३८ मधे सॅम्युएल रोबोथम नावाच्या माणसानं त्या पाण्यात उतरून डोळा पाण्याच्या जेमतेम आठ इंच वर ठेवून दुर्बिणीतून बघितलं आणि झेंडा लावलेली होडी पार शेवटपर्यंत दिसते, म्हणजे पाणी सपाट आहे, असं जाहीर केलं. पाण्याला लागून असलेल्या हवेच्या थरात प्रकाश वाकतो म्हणून ती दिसत होती. पण हा गडी पुढे 'पॅरॅलॅक्स' टोपणनाव घेऊन गावोगाव व्याख्यानं देत फिरला आणि त्याला भक्त मिळाले.

त्यातल्या जॉन हॅम्पडननं १८७० मधे ५०० पौंडांची पैज लावली, पाण्याचा बाक दाखवा आणि पैसे घेऊन जा. पैज घेतली कोणी, तर आल्फ्रेड रसेल वॉलेसनं, डार्विनबरोबर नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडला तोच हा. त्यानं आधी चार्ल्स लायेल ह्या नामवंत भूगर्भशास्त्रज्ञाला विचारलं होतं, घेऊ का, तर लायेल म्हणाला जरूर घे, डोळ्यांदेखत दाखवलंस तर ह्या लोकांचं तोंड तरी बंद होईल.

वॉलेस तरुणपणी सर्व्हेअर होता, त्यामुळे प्रकाश वाकण्याची भानगड त्याला पक्की माहीत. त्यानं दुर्बीण पुलाच्या कठड्यावर ठेवली, पाण्यापासून तेरा फुटांच्या वर. लांबच्या दुसऱ्या पुलावर तेवढ्याच उंचीवर पांढऱ्या कापडावर काळा पट्टा. आणि बरोबर मधे, तीन मैलांवर, एक खांब, त्याला तेवढ्याच उंचीवर एक चकती आणि तिच्याखाली चार फुटांवर दुसरी. पाणी सपाट असेल तर वरची चकती आणि लांबचा पट्टा एका ओळीत दिसायला हवेत. दिसलं काय, तर मधली चकती पाचेक फूट उचललेली. हिशोबानं सहा फूट यायला हवं, त्यातलं थोडं प्रकाशाच्या वाकण्यात जातं. म्हणजे उत्तर चोख.

आता पुढचं बघा. हॅम्पडनच्या बाजूचा पंच विल्यम कार्पेंटर, तोही सपाटवालाच. त्यानं दुर्बिणीत बघितलं आणि म्हणाला, जिंकलो! का, तर दुर्बिणीतल्या आडव्या तारेपासून मधली खूण जितकी खाली, तितकाच लांबचा पट्टा मधल्या खुणेपासून खाली, म्हणजे तिन्ही एका सरळ रेषेत आहेत. आणि खुद्द हॅम्पडन, ज्याचे ५०० पौंड लागलेत, तो दुर्बिणीला डोळाच लावेना! म्हणाला माझा कार्पेंटरवर विश्वास आहे.

ह्या एका वाक्यात माझा अख्खा धागा आलाय. आपल्याला वाटतं ह्या लोकांचा कशावरच विश्वास नसतो. अहो प्रचंड विश्वास असतो, फक्त तो आपल्या माणसावर असतो.

---

चहाबाज

दुर्बिणीत बघितलंच नाही?? कहर आहे. मग पैशाचं काय झालं, वॉलेसला मिळाले का?

---

निनाद८२

@चहाबाज, मिळाले आणि गेले. 'द फील्ड' ह्या नियतकालिकाचा संपादक वॉल्श हा दुसरा पंच होता, पैसेही त्याच्याकडेच ठेवलेले, त्यानं वॉलेसच्या बाजूनं निकाल दिला. मग हॅम्पडननं जे आरंभलं ते वर्षानुवर्षं थांबलं नाही. वॉलेसच्या ओळखीपाळखीच्या लोकांना, तो ज्या संस्थांचा सभासद होता त्यांना पत्रं, की हा चोर आहे, लफंगा आहे. वॉलेसच्या बायकोला पत्र, की तुझा नवरा एक दिवस डोक्याच्या चिंधड्या झालेल्या अवस्थेत घरी आला तर कारण तुला कळेल. बदनामीच्या खटल्यांत हॅम्पडन परत परत तुरुंगात गेला, बाहेर आला की परत तेच. आणि शेवटी कोर्टात मुद्दा निघाला की पैज कायद्यानं वसूल करता येत नाही, सबब हॅम्पडनचे ५०० पौंड परत करा! वरून वॉलेसला खटल्यांचा खर्च. त्यानं आत्मचरित्रात ह्या प्रकरणाबद्दल फार कळवळून लिहिलंय.

लायेलसारखा हुशार माणूस इथे चुकला. दाखवलं की तोंड बंद होईल हा हिशोब ग्रुपाला लागू पडत नाही.

---

गावठी इंजिनिअर

भारी धागा. हेच नाटक दीडशे वर्षांनी अमेरिकेत झालं. २०१८ ला आलेल्या एका डॉक्युमेंटरीत आहे, बॉब नोडेल नावाचा सपाटवाला, त्यांच्यातला टेक्निकल माणूस, त्यांच्या टीमनं २० हजार डॉलरचा लेझर जायरोस्कोप, म्हणजे फिरणं मोजणारं यंत्र, आणला. पृथ्वी फिरत असेल तर तासाला १५ अंशांचा फरक दिसेल, नसेल फिरत तर शून्य. लावला. तासाला १५ अंश!

मग काय केलं, तर म्हणे आकाशातून येणाऱ्या कसल्यातरी ऊर्जेचा परिणाम असेल, ती अडवू या, म्हणून वेगळ्या प्रकारच्या पेटीत ठेवून बघायचे विचार. आणि हे सगळं कॅमेऱ्यासमोर बोलतोय तो. हे आत्ता बाहेर आलं तर वाईट होईल असंही म्हणतो. इथे मी थबकलो कारण मीही इन्स्ट्रुमेंटेशनमधेच आहे आणि नको ते रीडिंग आलं की पहिल्यांदा मीटरवर संशय घ्यायचा ही आमचीही रीतच आहे. पण तुमची ओळख, तुमचे मित्र, तुमचा चॅनल सगळं त्या एका आकड्यावर उभं असेल तर मीटरवरचा संशय कधीच संपणार नाही. तो माणूस बिनडोक नाही हो, मोजमाप त्यानं व्यवस्थित केलंय.

---

मृण्मयी

त्यांच्यातल्या फाटाफुटीबद्दल लिहा ना कोणीतरी. मला वाटायचं सगळे एकच आहेत.

---

निनाद८२

@मृण्मयी, छे, एक कसले. गल्लीतलं गणपती मंडळ फुटून समोरासमोर दोन मांडव पडतात ना, तसंच.

रोबोथम १८८४ ला गेला. १८९३ मधे 'युनिव्हर्सल झेटेटिक सोसायटी' निघाली, त्यात लेडी एलिझाबेथ ब्लाउंट ह्या बाई पुढे होत्या, १९०४ ला त्याच बेडफर्डच्या कालव्यावर फोटोग्राफर नेऊन लांबच्या कापडाचा फोटो काढून आणला त्यांनी. मग १९५६ मधे डोव्हरचा सॅम्युएल शेंटन, त्याची वेगळी संस्था, आणि बिचाऱ्याचं टायमिंग बघा, पुढच्याच वर्षी स्पुटनिक. अंतराळातून काढलेले पृथ्वीचे फोटो आले तेव्हा तो म्हणाला की सराव नसलेल्या डोळ्याला असले फोटो कसे फसवतील हे उघडच दिसतंय. १९७१ ला तो गेल्यावर चार्ल्स जॉन्सन, कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टर गावाबाहेर वाळवंटात राहायचा, नवराबायको मिळून सगळी सोसायटी चालवायचे. त्याची बायको मार्जरी मूळची ऑस्ट्रेलियाची. तिनं म्हणे रीतसर शपथपत्र करून दिलं होतं की मी ऑस्ट्रेलियात असताना एकदाही उलटी लटकलेली नव्हते. १९९५ ला त्यांच्या घराला आग लागली, सभासदांची यादीसुद्धा जळाली, पुढच्या वर्षी मार्जरी गेली. २००१ ला चार्ल्स गेला तेव्हा फारसं काही उरलं नव्हतं. वाचताना मला वाईट वाटलं. वाळवंटात दोघंच, आणि पत्रव्यवहार हाच काय तो त्यांचा गोतावळा.

आता जे आहेत ते बहुतेक २०१५ च्या आसपास यूट्यूबवरून आलेले. ह्यांचं आणि फ्लॅट अर्थ सोसायटीचं अजिबात पटत नाही. सोसायटीवाले म्हणतात गुरुत्वाकर्षण नाही, अख्खी थाळीच वरच्या दिशेला ९.८ च्या त्वरणानं जातेय. यूट्यूबवाले म्हणतात काहीतरीच काय, पृथ्वी हलतच नाही, जड वस्तू खाली येते आणि हलकी वर जाते एवढंच. कोणी म्हणतो वर घुमट आहे, कोणी म्हणतो घुमट नाही, कडेच्या बर्फाच्या भिंतीपलीकडे जमीन अशीच पुढे चालू आहे. आता हे मतभेद झाले, ठीक. पण यूट्यूबवाल्यांचं पुढचं म्हणणं असं की सोसायटी ही सरकारनंच काढलीय, आपलं हसं व्हावं म्हणून! मग त्यांच्यातल्याच एरिक डुबेचं म्हणणं की बाकीचे मोठे यूट्यूबरसुद्धा पेरलेली माणसं आहेत. त्यांच्या एक लोकप्रिय बाई होत्या, पॅट्रिशिया नावाच्या, त्यांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगची शेवटची तीन अक्षरं सीआयए येतात, म्हणून त्या सीआयएच्या एजंट अशी बोंब. त्या बाई त्याच डॉक्युमेंटरीत सांगतात की मी काहीही दाखवलं तरी ह्यांना पटणार नाही, आणि तेव्हा त्यांचा चेहरा खरंच उतरलेला असतो.

ह्यात एक साधं गणित आहे. जिथे संशय घेणं हीच अक्कल मानली जाते तिथे जो सगळ्यात जास्त संशय घेतो तो सगळ्यात शहाणा ठरतो. नासावर संशय घेऊन कोण वर चढणार, तो तर सगळेच घेतात. मग शेजारी बसलेल्यावर घ्यायचा.

---

अश्विनी के

मानसशास्त्रात एमए करताना १९५४ ची केस होती आम्हाला, ती इथे फिट्ट बसते. शिकागोजवळच्या ओक पार्कमधे डोरोथी मार्टिन नावाच्या बाईंना क्लॅरिअन ग्रहावरून संदेश यायचे, २१ डिसेंबरला महापूर येणार आणि आदल्या मध्यरात्री तबकडी येऊन भक्तांना घेऊन जाणार. लिऑन फेस्टिंगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भक्त असल्याचं सोंग करून आपली माणसं आत घुसवली होती, १९५६ ला पुस्तक आलं त्यांचं.

ती शेवटची रात्र वाचा कोणीतरी. तबकडीत धातू चालत नाही, म्हणून सगळ्यांनी कपड्यांच्या चेन, हुक, बक्कल उसवून टाकलेत. आणि रात्री ११:३५ ला एकाच्या लक्षात येतं की आपल्या पँटची चेन राहिलीय. धावपळ! त्याला आतल्या खोलीत नेऊन एका डॉक्टरनं थरथरत्या हातांनी ब्लेडनं चेन कापून काढली, एक डोळा घड्याळाकडे. आणि हा चेनवाला कोण, तर संशोधकांपैकीच एक! मग बारा वाजले. खोलीत दोन घड्याळं होती, एकात १२:०५ झाले तेव्हा दुसऱ्यात ११:५५. सगळ्यांचं एकमत झालं की मागे असलेलं घड्याळच बरोबर. पहाटे पावणेपाचला संदेश आला की ह्या मूठभर लोकांनी रात्रभर बसून इतका प्रकाश पसरवला की देवानं जग वाचवलं, आणि त्यानंतर ह्या लोकांनी, जे आधी पत्रकारांना दारात उभं करत नव्हते, त्यांनी स्वतः पेपरवाल्यांना फोन लावले.

मात्र एक सांगायलाच हवं. २०२५ मधे जुन्या कागदपत्रांवरून एक पेपर आलाय, त्यात म्हटलंय की आत घुसलेल्या संशोधकांनीच ग्रुपात बरीच ढवळाढवळ केली आणि निष्कर्ष फुगवून मांडला. मला तो आक्षेप पटण्यासारखा वाटतो. शिकवणाऱ्यांनी आता ही केस जशीच्या तशी सांगू नये.

---

कोकणी_माणूस

चेन कापणारा डॉक्टर, वाचून हसून हसून पोटात दुखलं!! पण त्या खोलीतला एकसुद्धा उठून गेला नाही का बारानंतर?

---

अश्विनी के

@कोकणी_माणूस, त्या खोलीतले बरेचसे टिकले. जे त्या रात्री आपापल्या घरी एकटे थांबले होते त्यांचा विश्वास भराभर उडाला असं त्या पुस्तकात आहे. एकत्र होते ते राहिले, एकटे होते ते सुटले. आक्षेप गृहीत धरूनसुद्धा हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो.

---

परखड_पुणेकर

इतकं लिहिण्याची गरज होती का? अडाणी लोक आहेत, सोडून द्या. अशांना भाव दिला की ते वाढतात.

---

निनाद८२

@परखड_पुणेकर, नाही सोडून देणार, आणि का ते सांगतो. माझा कॉलेजचा रूममेट, आता टेक्सासला असतो, इंजिनिअर, मुलं शाळेत, तो गेली काही वर्षं ह्यात आहे. आमच्या बॅचच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर त्यानं पहिल्यांदा लिहिलं तेव्हा सगळ्यांनी त्याची इतकी खेचली, इतके मीम टाकले, की दोन दिवसांत तो ग्रुप सोडून गेला. तिकडे गेला तर तिकडचे लोक रोज रात्री लाइव्ह असतात, त्याला नावानं ओळखतात, बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी जेवणाचे डबे पाठवले. आमच्यापैकी कोणाला ऑपरेशन झाल्याचं माहीतसुद्धा नव्हतं. आता मला सांगा तो कोणाचं ऐकणार.

म्हणून अडाणी वगैरे मला मान्य नाही. बाहेर पडायचं म्हणजे त्याला मत बदलायचं नाहीये, एका झटक्यात सगळे मित्र सोडायचेत.

---

शास्त्रीबुवा_नाशिक

आपल्याकडचं एक. भास्कराचार्यांनी ११५० मधे गोलाध्यायात हाच प्रश्न घेतलाय, पृथ्वी गोल तर सपाट का दिसते. उत्तर असं की परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सपाटच दिसतो, पृथ्वी प्रचंड, माणूस अगदी लहान, म्हणून त्याला ती सपाट भासते. पृथ्वीला खालून आधार लागतो म्हणणाऱ्यांनाही त्यांनी पकडलंय, त्या आधाराला कोणाचा आधार, त्याला पुढे कोणाचा, आणि शेवटचा जर स्वतःच्या शक्तीनं राहतो तर पृथ्वीच का नाही राहणार. ह्यात मला आवडतं ते हे की समोरच्याला जे दिसतंय ते खोटं म्हटलेलं नाही. तुला सपाट दिसतं हे बरोबर आहे, का दिसतं ते सांगतो, असा सूर आहे. चाळीसगावजवळ पाटण्याला त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवानं काढलेल्या मठाचा शिलालेख आहे, जरूर बघा.

आणि म्हणून आपण फार शहाणे असं नाही हं. फेब्रुवारी १९६२ ला अष्टग्रही झाली, म्हणजे आठ ग्रह एका राशीत आले, तेव्हा जगबुडीच्या भीतीनं देशभर यज्ञ झाले होते.

---

चहाबाज

मग बाहेर पडलेला कोणी आहे का नाही? एक तरी?

---

निनाद८२

@चहाबाज, आहे, आणि त्याचं जे झालं ते ऐका.

सपाट नकाशात उत्तर ध्रुव मधे आणि अंटार्क्टिका म्हणजे कडेची गोल भिंत. ह्या नकाशात अंटार्क्टिकावर चोवीस तास सूर्य दिसूच शकत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं म्हणत आले की तिथला मध्यरात्रीचा सूर्य ही थाप आहे. कोलोरॅडोचा एक पाद्री आहे, विल डफी, तो म्हणाला चला, मी नेतो. डिसेंबर २०२४ मधे दोन्ही बाजूंची माणसं चिलीच्या पुंता अरेनासहून विमानानं युनियन ग्लेशियर कँपवर गेली. त्यात जेरन कँपनेला होता, सपाटवाल्यांमधलं मोठं नाव, वर ज्या डॉक्युमेंटरीचा उल्लेख झालाय तिच्या शेवटच्या प्रयोगात लांबचा दिवा अपेक्षेपेक्षा वर धरल्यावरच दिसतो तेव्हा "इंटरेस्टिंग" म्हणणारा तोच हा. चहूकडे बर्फ, कॅमेरे लाइव्ह, आणि सूर्य काही मावळेना, डोक्याभोवती गोल फिरतोय. जेरननं तिथेच कॅमेऱ्यासमोर सांगितलं की असा सूर्य नसतो अशी माझी खात्री होती, मी चुकलो, तो आहे.

इकडे काय झालं? हिरव्या पडद्यासमोर शूट केलंय. पैसे खाल्ले. आधीपासूनच पेरलेला होता. जो माणूस इतकी वर्षं त्यांचा हिरो होता तो एका रात्रीत फितूर! दुसरा एक सपाटवाला गेला होता, त्यानंही सूर्य कबूल केला, पण एवढ्यानं पृथ्वी गोल ठरत नाही म्हणाला.

मला जेरनबद्दल मनापासून आदर वाटतो. हॅम्पडननं जे नाकारलं ते ह्यानं केलं, दुर्बिणीला डोळा लावला. आणि मला त्यात डफीही तितकाच महत्त्वाचा वाटतो, कारण त्यानं बोलावलं, बरोबर राहिला, एका तंबूत जेवला. कितीजण बर्फावर गेले नसते जर नुसतं आव्हान फेकलं असतं तर.

---

मृण्मयी

तुमच्या मित्राशी बोलणं होतं का आता?

---

निनाद८२

हो, आता दर रविवारी फोन असतो. क्रिकेट, पोरांच्या शाळा, त्याच्या आईचं गुडघ्याचं दुखणं. पृथ्वीचा विषय मी काढत नाही, तो काढतो तेव्हा ऐकतो आणि तुला काय दिसलं, तू कसं मोजलंस एवढंच विचारतो. ह्या डिसेंबरला भारतात येतोय. समुद्रावर जाऊन स्वतः बघू या असं त्यानंच म्हटलंय.

---

कोकणी_माणूस

मग हर्णैला या! माझ्याकडे ट्रायपॉडसकट बरी दुर्बीण आहे. डिसेंबरात हवा स्वच्छ असते, संध्याकाळी लिलावाच्या वेळेला बोटी परत येतात, आधी वरचा भाग दिसतो मग खालचा. फक्त वाळूत बसून बघू नका, त्या रोबोथमसारखं होईल, पाण्यालगतची हवा फसवते. वाळूत उभं राहिलं तर क्षितिज साडेचार-पाच किलोमीटरवर, वीस मीटर उंचावर गेलात तर सोळाच्या आसपास. दोन्हीकडून बघा, बोट तीच ठेवा, आणि आकडे त्यालाच लिहायला सांगा.

---

निनाद८२

@कोकणी_माणूस, व्यनि (खाजगी निरोप) केलाय. उंची मोजायला टेप आणि दोन वह्या मी आणतो, राहायची सोय कुठे होईल तेवढं कळवा.